गारव्याची वाटणी

चंद्रपुरातल्या ‘पळसबन’ या इमारतीत राहणारी माणसं तिथल्या नियंत्रण यंत्रणेला मास्तर म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते शोभत होतं. कुठल्या खोलीला किती गारवा द्यायचा, पाण्याचा पंप केव्हा चालवायचा, जिन्यातले दिवे केव्हा मंद करायचे, खालच्या गाड्या केव्हा चार्ज करायच्या, हे सगळं मास्तर ठरवायचा आणि त्याचं बहुतेक बरोबर असायचं. रहिवाशांना त्याची आठवण व्हायची ती काही बिघडलं तरच.

केतकी पिंपळशेंडेला मात्र त्याची रोजच आठवण ठेवावी लागे. अशा यंत्रणा सांभाळणाऱ्या एका कंपनीत ती अभियंता होती. विदर्भातल्या बऱ्याच इमारती तिच्याकडे होत्या, त्यांत पळसबनही होती, आणि ती राहायलाही तिथंच होती. आठव्या मजल्यावर, नवरा वैभव आणि सासू सुनंदाबाई यांच्यासोबत.

कंपनीत नवीन माणूस आला की केतकी त्याला दुधाचं उदाहरण द्यायची. आपण गॅसवर दूध ठेवतो आणि त्याच्याकडे बघत उभे राहतो. ते वर येऊ लागलं की गॅस बारीक करतो, बसलं की पुन्हा मोठा करतो. मोजायचं, हवं त्याच्याशी ताडून बघायचं, फरक असेल तर दुरुस्त करायचं आणि पुन्हा मोजायचं. स्वयंचलित नियंत्रण म्हणजे एवढंच. मास्तर हे एका वेळी शेकडो खोल्यांसाठी करायचा. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर काडेपेटीएवढा एक संवेदक होता. तो तापमान, हवेतला दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड मोजायचा. छताच्या आतून थंड पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या होत्या आणि प्रत्येक खोलीच्या नळीवर एक छोटी झडप होती. संवेदकानं सांगायचं, मास्तरनं ठरवायचं, झडपेनं उघडायचं किंवा मिटायचं. गच्चीवरच्या सौर पट्ट्यांची दुपारची जास्तीची वीज वापरून तळघरातल्या टाक्यांमध्ये बर्फ केला जायचा आणि ऊन उतरल्यावर तोच बर्फ वितळवून इमारत गार ठेवली जायची.

शिवाय मास्तर पुढचं बघायचा. उद्या ऊन किती, कोण केव्हा घरी येतं, कुठल्या भिंती तापतात, यावरून तो दुसऱ्या दिवसाचा आराखडा आधीच करून ठेवायचा. खोलीत किती माणसं आहेत हेही त्याला कळायचं, कारण माणूस श्वास सोडतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. कॅमेरा नव्हता, माईक नव्हता. माणसं किती ते कळायचं, कोण आणि कशासाठी ते कळायचं नाही.

केतकीच्या घराबद्दल मास्तरला जे ठाऊक होतं ते एवढंच होतं: माणसं तीन, रात्री वापरातल्या खोल्या तीन.

दोन वर्षं असंच चाललं होतं. केतकी आणि वैभव भांडत नव्हते. मूल व्हावं म्हणून त्यांनी बरीच वर्षं उपचार केले, मग थकून थांबले, आणि थांबल्यावर लक्षात आलं की एकमेकांशी बोलायला दुसरा विषयच उरला नाही. वैभव तंत्रनिकेतनात शिकवायचा. पेपर तपासायचे आहेत, लेक्चर तयार करायचं आहे म्हणून तो आतल्या छोट्या खोलीत बसायला लागला, मग तिथंच झोपायला लागला. या वर्षी त्याला नागपूरला चांगली जागा मिळाली. जुलैत रुजू व्हायचं होतं. तेव्हाच वेगळं व्हायचं, असं दोघांनी एका रविवारी चहा पिता पिता ठरवून टाकलं होतं. इतकं शांतपणे, की त्याचंच केतकीला नंतर वाईट वाटलं.

फक्त सुनंदाबाईंना सांगायचं राहिलं होतं. आधी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ते झाल्यावर, डोळा नीट बरा होऊ दे, असं ठरलं. डोळा बरा झाला तेव्हा ऊन तापायला लागलं होतं.

“उन्हाळा सरला की सांगू,” वैभव म्हणाला होता. केतकीनं मान हलवली होती.

*

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला आणि त्याच आठवड्यात शहराला वीज पुरवणाऱ्या उपकेंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मर जळाला. दुसरा बाहेरच्या राज्यातून ट्रेलरवर आणायचा होता. तोवर प्रत्येक भागाला वीज वाटून मिळणार होती, आणि पळसबनच्या वाट्याला नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी येणार होती. त्यात हवेत धुळीचा पडदा धरला होता. सूर्य पितळी दिसायचा, पट्ट्यांवर धूळ बसायची आणि टाकीत निम्मासुद्धा बर्फ होत नव्हता.

सोसायटीच्या सचिव उराडे मॅडम यांनी सकाळीच खालच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या या बाई कुणालाही घाईनं बोलू देत नसत आणि स्वतःही घाईनं बोलत नसत.

“केतकी, सगळ्यांना समजेल असं सांग,” त्या म्हणाल्या.

केतकी उभी राहिली. “एक माणूस बसल्या जागी जेवढी उष्णता सोडतो ती जुन्या पिवळ्या बल्बएवढी असते. ती फार नाही. खरी उष्णता येते ती भिंतीतून, खिडकीतून, छतातून. त्यामुळे खोली गार करायला जो गारवा लागतो तो आत एक माणूस असला काय आणि चार असले काय, जवळजवळ सारखाच. म्हणजे आपण जेवढे पांगून बसू, तेवढा बर्फ लवकर संपेल. एकत्र बसलो तर पुरेल.”

“म्हणजे एका घरात एकच खोली?” कुणीतरी विचारलं.

“हो. मास्तर प्रत्येक घरात एकच खोली गार ठेवेल. कोणती ते तुम्ही सांगायचं. घरात आजारी माणूस असेल, त्याला वेगळं ठेवावं लागत असेल, तर त्याची खोली वेगळी. आणि ऊन आणखी वाढलं तर जी माणसं एकटी राहतात, विशेषतः पश्चिमेच्या घरांत, त्यांना शेजारच्या घरात पाहुणे म्हणून जावं लागेल. कुणाकडे जायचं तेही मास्तर सुचवेल. जे घर जवळ आहे, जिथं जागा आहे, जिथं आजारी कुणी नाही.”

माणसांनी थोडी कुरबुर केली, थोडे विनोद केले आणि होकार दिला. दुसरा मार्ग कुणालाच दिसत नव्हता.

सभा संपल्यावर उराडे मॅडमनी तिला बाजूला घेतलं. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येक घराच्या पुढे दोन आकडे होते, माणसांचा आणि रात्री वापरातल्या खोल्यांचा.

“तुझ्या घरी तीन माणसं आणि तीन खोल्या दिसून राहिल्या,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “सगळ्या इमारतीत हेच एक घर असं आहे. लोक आता पडद्याकडे बघतील, म्हणून म्हटलं.”

“आजच बदलते,” केतकी म्हणाली. तिचे कान गरम झाले होते.

*

घरी आल्यावर तिनं वैभवला स्वयंपाकघरात गाठलं. सुनंदाबाई हॉलमध्ये ज्वारीच्या पापडांचा डबा उघडून बसल्या होत्या.

“एका खोलीत तिघं? दिवसभर आणि रात्रभर?” वैभव म्हणाला. “सुट्ट्या आहेत, मी घरीच आहे. तूही घरून काम करतेस. तीन दिवसांत आईच्या लक्षात येईल.”

“येऊ दे मग.”

“असं नको, केतकी. असं, एका खोलीत कोंडल्यावर, तिला कळायला नको. मला तिला नीट बसवून सांगायचं आहे.” त्यानं आवाज खाली आणला. “आईच्या डोळ्याचं कारण दे ना. ऑपरेशन झालंय हे तर खरंच आहे. तू तिच्या खोलीत झोप, काळजी घ्यायला म्हणून. मी आतल्या खोलीत राहतो. दोन खोल्या होतील. तीनपेक्षा बरं.”

केतकीला हे पटलं नाही, पण तिला सुटल्यासारखंही वाटलं. तिनं लॅपटॉप उघडला. नोंद करण्यापूर्वी तिनं मास्तरकडून हिशेब मागवला. आपल्या घराला एक खोली जास्त दिली तर काय होईल? मास्तरनं दाखवलं की तो भार बाकीच्या घरांत पसरेल आणि प्रत्येकाच्या खोलीत अर्ध्या अंशाहूनही कमी फरक पडेल. कुणाला जाणवणारही नाही.

तिनं आपल्या घरापुढे लिहिलं: रुग्ण, डोळ्याची शस्त्रक्रिया, संसर्ग टाळणे आवश्यक. मग लॅपटॉप मिटला.

पुढचे काही दिवस बरे गेले. सुनंदाबाईंना सून शेजारी झोपायला आली याचा आनंदच झाला. “डोळा तर माझा ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या, “पण तू आली ते बरं झालं. एकटीनं पडून राहावं लागते नाही तर.” आणि त्या अंधारात बोलत राहिल्या. माहेरच्या विहिरीबद्दल, वैभवच्या लहानपणच्या हट्टांबद्दल. केतकी ऐकत राहिली. दोन वर्षं ही बाई पलीकडच्या खोलीत एकटी पडून होती आणि हे सगळं तिच्याजवळ साठलेलं होतं, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

*

त्यांच्या समोरच्या दारात गुरनुलेकाका राहत. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांचं घर पश्चिमेच्या कोपऱ्यात होतं. संध्याकाळी ते पेपर घेऊन सुनंदाबाईंकडे येत आणि शब्दकोडं सोडवत. गेले काही दिवस मात्र ते आले नव्हते.

“उन्हामुळे बाहेर पडत नसतील,” केतकी म्हणाली.

“त्यांच्या दारातून माझ्या दारात यायला कुठलं ऊन लागते?” सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी दुपारी ताक घुसळलं, पेल्यात भरलं आणि त्या समोर गेल्या.

लगेचच त्यांचा आवाज आला. “केतकी, वैभव, लवकर या.”

दार उघडायला काकांना बराच वेळ लागला होता. ते चौकटीला धरून उभे होते. चेहरा लालबुंद आणि कोरडा होता. “मोजणी राहिली,” ते म्हणत होते, “शेताची मोजणी राहिली, साखळी आणा.” सुनंदाबाईंनी त्यांचा हात धरला आणि तो इतका तापलेला लागला की त्यांनी पेला खाली ठेवून दिला.

वैभवनं काकांना उचललंच. दोघांनी त्यांना आपल्या घरात आणून आतल्या गार खोलीत झोपवलं. केतकीनं डॉक्टरांना फोन लावला. “आधी गार करा, बाकी सगळं नंतर,” त्या म्हणाल्या. “कपडे सैल करा, अंग ओलं करा आणि पंखा लावा. शुद्ध नीट येईपर्यंत तोंडात काही घालू नका. मी निघतेच आहे.”

वैभव चादरी भिजवून आणत होता, केतकी पंखा जवळ ओढत होती, सुनंदाबाई काकांच्या मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवत होत्या. हळूहळू काकांचे डोळे स्थिर झाले. डॉक्टर येऊन पोचल्या तेव्हा काका स्वतःचं नाव सांगू शकत होते. डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं आणि थोडा वेळ नाडी धरून बसून राहिल्या.

“वेळेवर गार केलं तुम्ही,” त्या म्हणाल्या. “रक्तदाबाच्या गोळ्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं, त्यात एवढी उष्णता. आणखी थोडा वेळ गेला असता तर मला काही करता आलं नसतं. ते एकटे का होते? मला वाटलं, या इमारतीत एकट्या माणसांना शेजारी हलवलंय.”

केतकीलाही तेच वाटलं होतं.

डॉक्टर गेल्यावर ती हॉलमध्ये येऊन बसली आणि तिनं मास्तरचा आराखडा उघडला. ऊन वाढल्यावर एकट्या माणसांना शेजारी हलवायचा टप्पा दोन दिवसांपूर्वीच सुरू झाला होता. आठव्या मजल्यावरचं एक घर बंद होतं, एकात सहा माणसं होती. गुरनुलेकाकांसाठी सर्वांत जवळचं आणि योग्य घर एकच होतं, समोरचं. ते मास्तरनं बाजूला ठेवलं होतं. कारणाच्या रकान्यात तिचेच शब्द होते. मग त्यानं पाचव्या मजल्यावरचं एक घर सुचवलं. काकांनी ते नाकारलं. अनोळखी माणसांत जायचा त्यांना संकोच वाटला असेल. त्यानंतर मास्तरनं त्यांच्या खोलीची झडप पूर्ण उघडून ठेवली आणि होतं तेवढं थंड पाणी सोडत राहिला. तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीपुढे ते पुरलं नाही.

तिनं त्या दिवशी अर्ध्या अंशाचा हिशेब तपासला होता. आजारी माणसाच्या घरात पाहुणा पाठवला जात नाही हा नियमही तिनंच लिहिला होता, पण दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून तिनं पाहिलंच नव्हतं.

“आपल्या घरी कोण पेशंट आहे?”

सुनंदाबाई तिच्या मागे उभ्या होत्या. ऑपरेशन झालेला डोळा त्यांनी किंचित बारीक केला होता आणि पडद्यावरची अक्षरं त्या सावकाश वाचत होत्या.

केतकीनं लॅपटॉप मिटला नाही. “तुम्ही,” ती म्हणाली. “मी तसं लिहिलं.”

“काहून?”

केतकीनं वैभवकडे पाहिलं. तो आतल्या खोलीच्या दारात, हातात ओली चादर घेऊन उभा होता. त्यानं चादर खुर्चीवर टाकली आणि तो आईसमोर येऊन खाली बसला.

“आई, मी सांगतो. तिनं माझ्या सांगण्यावरून लिहिलं,” तो म्हणाला. “आम्ही दोघं वेगळे होतोय. जुलैत. दोन वर्षं झाली, मी आतल्या खोलीत झोपतो. तुला कळू नये म्हणून दोन खोल्या हव्या होत्या.”

सुनंदाबाई सोफ्याच्या कडेवर टेकल्या.

“मला वाटायचं तू अभ्यास करून राहिला,” त्या म्हणाल्या. “मी शेजारणींना सांगायची, माझा पोरगा रात्ररात्र अभ्यास करते.” मग त्या केतकीकडे वळल्या. “भांडण झालं का तुमचं?”

“नाही आई. भांडण नाही झालं.”

“भांडण असतं तर बरं होतं. मिटवता आलं असतं.” त्यांनी पदरानं चेहरा पुसला. “मला आजारी करून टाकलं तुम्ही. आणि त्या माणसाला तिकडं ठेवलं.”

केतकीनं घरापुढची नोंद काढून टाकली. एका खोलीसाठी तिनं हॉल निवडला, कारण तीच खोली सर्वांत मोठी होती, आणि माणसांच्या जागी चार लिहिलं. आतल्या खोल्यांच्या झडपा मिटू लागल्या होत्या तेव्हा वैभव आणि ती काकांची गादी बाहेर ओढून आणत होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उराडे मॅडमकडे गेली आणि तिनं जे झालं ते सांगितलं. घरातलं कारणही सांगितलं, कारण ते वगळून बाकीचं सांगताच येत नव्हतं.

उराडे मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “मी त्या पडद्याबद्दल बोलायला नको होतं,” त्या म्हणाल्या. “कुणाच्या घरात किती खोल्या वापरतात ते चारचौघांत लावायची गोष्ट नाही. ते काढून टाक आधी.”

“काढते.”

“आणि यापुढे कुणी वेगळी खोली मागितली, तर कारण तपासायचं का आपण?”

केतकीनं यावर रात्रभर विचार केला होता. “नको,” ती म्हणाली. “तपासायला लागलो तर मास्तरला सगळ्यांचंच सगळं कळवावं लागेल. मला त्याला ते सांगायचं नाही. पण जास्तीची खोली मागणाऱ्याला एक गोष्ट दिसायला हवी. मी मागवला तसा सरासरीचा हिशेब नाही. त्याच्या एका खोलीमुळे ज्या घरावर सर्वांत जास्त ताण पडेल, त्या घरातला उद्याचा उकाडा किती असेल ते. नाव नको, फक्त तापमान. मग त्यानं ठरवावं.”

“तुला ते दिसलं असतं तर तू काय केलं असतं?”

“नसतं लिहिलं,” केतकी म्हणाली. मग म्हणाली, “असं मला वाटतं.”

उराडे मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो विषय तिथंच थांबवला. तो बदल केतकीनं त्याच दुपारी केला. पुढच्या आठवड्यात बऱ्याच घरांनी जास्तीची मागितलेली खोली आपणहून परत केली. सगळ्यांनी नाही केली. तेवढ्यानंही पुरलं.

*

हॉलमध्ये चौघं राहू लागली. काकांना पहिले दोन दिवस फार संकोच वाटला. ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि पाणी मागायलाही कचरायचे. मग सुनंदाबाईंनी त्यांच्यापुढे शब्दकोडं ठेवलं आणि म्हणाल्या, “उभा शब्द, चार अक्षरी, मला येऊन नाही राहिला.” काका उठून बसले.

सुनंदाबाई मुलाशी आणि सुनेशी दोन दिवस कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी काका झोपलेले असताना भाजी निवडता निवडता त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. वकील पाहिला का? घर कुणाचं? दागिन्यांचं काय? नातेवाइकांना कोण सांगणार? तुमच्यात दुसरं कुणी आहे का? वैभवनं आणि केतकीनं एकेका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. काही उत्तरं तयारच नव्हती, ती त्यांना तिथंच, एकमेकांकडे बघून, ठरवावी लागली.

असं रोज थोडं थोडं होत गेलं. खोलीबाहेर जायला जागाच नव्हती. पॅसेजमध्ये पाऊल टाकलं तरी भट्टीसारखी हवा अंगावर यायची आणि माणूस परत आत यायचा. एकदा उपचारांच्या वर्षांचा विषय निघाला. वैभव म्हणाला, “शेवटच्या वेळी दवाखान्यातून येताना तू गाडीत काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, तू माझ्यावर चिडली आहेस.”

“मला वाटलं तू चिडलास,” केतकी म्हणाली.

“मी घाबरलो होतो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. हे वाक्य तेव्हा आलं असतं तर काय झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं. ते आता आलं होतं, आणि आता त्यानं काही बदलणार नव्हतं हे दोघांनाही कळत होतं. पण ते ऐकून तिच्या आत कुठंतरी घट्ट झालेलं सैल झालं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

काका या सगळ्यात कोडं सोडवत बसायचे आणि ऐकू येत नसल्यासारखं करायचे. ते त्यांना चांगलं जमायचं.

नवा ट्रान्सफॉर्मर आला, बसला, आणि एका सकाळी शहराची वीज पूर्ववत झाली. मास्तरनं एकेक करून सगळ्या झडपा उघडल्या. आतल्या खोल्या गार व्हायला दुपार झाली. काकांनी गादी गुंडाळली, चौघांसाठी स्वतःच्या हातानं चहा केला आणि ते समोर आपल्या घरी गेले. वैभवनं आपली उशी उचलली, आतल्या खोलीच्या दारापर्यंत नेली आणि आईकडे पाहिलं.

“जा,” सुनंदाबाई म्हणाल्या. “आता काय लपवायचं आहे?”

*

जुलैत वैभव नागपूरला निघाला. त्याच्या नव्या घरात आईसाठी एक खोली होती. तसं त्यानं आधीपासूनच ठरवलेलं होतं. केतकीनंही ते गृहीत धरलं होतं. तिनं सुनंदाबाईंच्या साड्या, औषधं आणि लोणच्याच्या बरण्या भरायला दोन मोठ्या पेट्या काढून ठेवल्या होत्या.

निघायच्या दिवशी सकाळी पेट्या रिकाम्याच होत्या. सुनंदाबाई गॅससमोर उभ्या राहून पोहे करत होत्या.

“आई, गाडी येईल आता,” वैभव म्हणाला. “तुझं सामान?”

“मी येईन दिवाळीत. पंधरा दिवस राहीन,” त्या कढईतून नजर न काढता म्हणाल्या. “तुझं घर बघीन, तुला काय जमते काय नाही ते बघीन. पण राहणार इथं.”

“इथं म्हणजे? आई, केतकी आणि मी...”

“मला कळलं ते. तुम्ही दोघं वेगळे होऊन राहिले. मी कुणापासून वेगळी होऊन नाही राहिली.” त्यांनी गॅस बंद केला आणि पहिल्यांदा केतकीकडे पाहिलं. त्यांचा आवाज आता तेवढा ठाम नव्हता. “तुला चालत असेल तर. तुझं घर आहे. तू नको म्हटलं तर मी आता पेटी भरतो, अर्ध्या तासाचं काम आहे.”

आपण या बाईची सून उरणार नाही, मग तिला राहा म्हणायचा आपल्याला हक्क तरी काय, या विचारानं केतकीनं गेले कित्येक दिवस हा विषयच काढला नव्हता. तिनं वैभवकडे पाहिलं. तो हिरमुसला होता आणि त्याच वेळी त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओझं उतरलं होतं. त्यानं हलकेच मान हलवली.

“राहा,” ती म्हणाली. “मला हवं आहे तुम्ही राहावं.”

सुनंदाबाईंनी तीन बशा मांडल्या. पोहे खाऊन झाले, गाडी आली. दोघी खाली जाऊन फाटकापाशी उभ्या राहिल्या. वैभव आईच्या पाया पडला, मग केतकीसमोर क्षणभर थांबला. “फोन करतो पोचल्यावर,” तो म्हणाला, आणि तिला ते खरं वाटलं.

वर आल्यावर केतकीनं लॅपटॉप उघडला. घरात राहणारी माणसं बदलली की मास्तरला कळवावं लागे, नाही तर तो रिकाम्या खोलीसाठी आराखडे करत बसायचा. तिनं तिनाच्या जागी दोन लिहिलं.

“काय विचारून राहिला तो?” सुनंदाबाईंनी विचारलं.

“रात्री किती खोल्या लागतील म्हणून.”

सुनंदाबाई हात पुसत तिच्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांनी थोडा विचार केला.

“दोन सांग,” त्या म्हणाल्या. “तू घोरते.”

केतकीनं दोन लिहिलं. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. सुनंदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आतल्या दोन खोल्यांच्या झडपा उघडल्या आणि नळ्यांमधून पाणी वाहू लागल्याचा बारीक आवाज घरात ऐकू येऊ लागला.